मधमाश्यांवरून धातूंचं प्रदूषण मोजायचंय? आधी पेटीची जागा ठरवा

या विषयात शिरू पाहणारी मुलं आधी यंत्राबद्दल विचारतात. आयसीपी-एमएस, म्हणजे नमुन्यातले अगदी थोडे धातूही मोजणारं यंत्र, कुठे मिळेल? पैसे भरले की नमुने तपासून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. खरा कस लागतो तो त्याआधी, पेटी ठेवताना.

युरोपीय माशी साधारण तीन किलोमीटरपर्यंत चरायला जाते, आपली सातेरी त्याहून बरीच कमी. अंगावरच्या केसांत धूळ अडकते, पाण्यातून नि मकरंदातून धातू पोटात जातात. जालन्याच्या स्टील कारखान्यांजवळची एक पेटी असा सगळा परिसर गोळा करून आणते.

पण तुलना कशाशी करणार? आपली काळी माती बेसाल्टची. तांबं, निकेल, क्रोमियम तिच्यात मुळातच असतं. म्हणून तुलनेची पेटीही काळ्या मातीतच हवी, फक्त कारखान्यांपासून लांब आणि त्यांचा धूर वाऱ्याने येणार नाही अशा बाजूला. मोसंबीच्या बागेजवळ तांबं जास्त निघालं, तर लगेच भट्टीकडे बोट दाखवू नका. कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक कधी फवारलं, ते बागवाल्याला विचारा. बांधावर बसून अशी चौकशी करता येणं मला प्रयोगशाळेतल्या कौशल्याइतकंच मोलाचं वाटतं.

नमुना घेताना पेटीच्या दाराशी चरून परतणाऱ्या माश्याच धरा. आत राबणाऱ्या कोवळ्या माश्या बाहेर पडलेल्याच नसतात. माश्या शांत करायला देतात तो धूर देऊ नका, राख अंगावर बसते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा पेटीला नको, चिमटा प्लास्टिकचा, नळी आम्लाने धुतलेली. माश्या लगेच फ्रीजरमध्ये. त्या धुवायच्या की नाही, हे कामाआधीच ठरवा, कारण न धुतलेल्या माशीत अंगावरची धूळही मोजली जाते. नायट्रिक आम्लात विरघळवताना प्रत्येक खेपेला माशीविना एक कोरी नळी चालवा. तिच्यात शिसं दिसलं, तर ते तुमच्या आम्लातलं किंवा भांड्यातलं आहे.

पावसाने धूळ धुऊन जाते, त्यामुळे जुलैचे आकडे जानेवारीशी ताडू नका. करडई फुललेली असते तेव्हाचा कोरडा काळ मला सोयीचा वाटतो.

मधात धातू माशीच्या मानाने कमीच उतरतात. तरी 2019 मध्ये पॅरिसच्या नोत्र-दामचं शिशाचं छत जळालं, तेव्हा वाऱ्याच्या दिशेतल्या पेट्यांच्या मधात शिसं वाढलेलं आढळलं होतं.

पेट्या हाताळायला पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत शिकता येतं. आणि निकाल छापण्याआधी पेटीवाल्याला सांगा. माशीत शिसं आढळलं म्हणून त्याचा मध खराब ठरत नाही. त्याच्या मधाची वेगळी तपासणी करून अहवाल त्याच्या हातात द्या.