सोलापूरच्या उन्हाळ्यात झोपायची खोली कमी खर्चात थंड कशी ठेवावी

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा चाळिशीच्या वर जातो आणि तो ४२-४३ अंशांवर पोहोचला तरी कोणाला त्याचे नवल वाटत नाही. पहाटेपर्यंत मात्र बाहेरची हवा २५-२६ अंशांपर्यंत उतरते, आणि तरीही वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्री एक वाजता उशी घामाने भिजलेली असते. याचे कारण हवेत नसून डोक्यावरच्या स्लॅबमध्ये असते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात इथे भर दुपारी सूर्य अगदी माथ्यावर येतो, त्यामुळे उन्हाचा मुख्य मारा भिंतींवर न होता छतावर होतो. दहा बाय दहाच्या खोलीवरचा चार इंची स्लॅब दोन टनांहून जड भरतो. एवढे काँक्रीट दिवसभर ऊन पिते, तीन-चार तासांच्या विलंबाने ती उष्णता खाली सोडू लागते आणि मध्यरात्र उलटली तरी सोडत राहते. म्हणून हातात पैसे मोजकेच असतील तर पहिला खर्च छतावर करावा, दुसरा पश्चिमेच्या खिडकीवर करावा आणि कूलरचा विचार त्यानंतर करावा. पुष्कळ घरांत हा क्रम नेमका उलटा असतो.

छतासाठी सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे चुना. उघडा, काळपट पडलेला सिमेंटचा पृष्ठभाग ऊन शोषून घेतो, तर ताजा पांढरा चुना त्यातले बरेचसे ऊन परत फेकतो. अहमदाबादमध्ये २०१७ पासून गरीब वस्त्यांमधील छतांना पांढरा रंग देण्याचे काम झाले आणि शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये अशा छतांसाठी राज्याचे धोरणच जाहीर केले, त्यामागे एवढेच साधे तत्त्व आहे. हे काम होळीच्या सुमारास उरकून घ्यावे. आधी गच्ची झाडून, शेवाळ आणि सुटलेला गिलावा तारेच्या ब्रशने खरवडून काढावा, भेगा सिमेंटने बुजवाव्यात आणि त्या वाळू द्याव्यात. दहा बाय दहाच्या छतासाठी साधारण पाच किलो चुना पुरतो. कळीचा चुना आणला असेल तर तो लोखंडी पिंपात भरपूर पाण्यात थोडा थोडा टाकून आदल्या रात्री विरवावा. विरताना तो अक्षरशः उकळतो आणि शिंतोडे उडतात, म्हणून मुलांना लांब ठेवावे, डोळ्यांवर चष्मा असावा आणि शिंतोडा डोळ्यात गेलाच तर डोळा बराच वेळ स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठावा. विरवलेल्या चुन्याची तयार पिशवी आणली तर हा सगळा खटाटोप टळतो आणि खर्चात फारसा फरक पडत नाही.

सकाळी ते मिश्रण जुन्या पातळ कापडातून गाळून घ्यावे, पाणी घालून पातळ ताकाइतके करावे आणि त्यात अर्धा किलो फेविकॉलसारखा पांढरा गोंद नीट घोटावा. गोंद नसेल तर चुना बोटाला लागत राहतो आणि वाऱ्याबरोबर उडून जातो. ऊन कलल्यावर गच्चीवर पाणी शिंपडून ती ओलसर करावी आणि कुंच्याने पहिला हात द्यावा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने द्यावा. भर उन्हात चुना लावू नये, कारण तो धरण्याआधीच सुकतो आणि त्याची पूड होते. लावताना तो पाण्यासारखा पारदर्शक दिसतो म्हणून घाईने जाड थर देण्याचा मोह होतो. तो आवरावा, वाळल्यावर रंग उजळतो आणि जाड थराच्या खपल्याच निघतात. पुढे वाऱ्याने धूळ बसून छत पुन्हा मळके झाले की झाडून, ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. पावसाळ्यात हा थर बऱ्यापैकी धुऊन जातो, त्यामुळे दरवर्षी नवा हात द्यावा लागतो. थोडे अधिक पैसे घालता येत असतील तर छतासाठीचा उष्णतारोधक पांढरा रंग काही वर्षे टिकतो, आणि घर स्वतःचे असेल तर टाइल्सच्या दुकानातले पांढरे तुकडे आणून केलेला चायना मोझेक त्याहून पुष्कळ जास्त टिकतो. भाड्याच्या घरात मात्र चुनाच बरा, आणि तोही मालकाला विचारून.

पत्र्याच्या घराचे गणित वेगळे आहे. पत्रा सकाळी नऊपासूनच खोलीची भट्टी करतो, पण तो पातळ असल्यामुळे सूर्य मावळल्यावर स्लॅबपेक्षा कितीतरी लवकर निवतो. तिथे खरा त्रास दुपारचा असतो, म्हणजे रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या यंत्रमाग कामगाराचा किंवा घरी विड्या वळत बसणाऱ्या बाईचा. पत्र्यावर चुना टिकत नाही. गंज घासून काढून पांढरा ऑइलपेंट किंवा पत्र्यासाठीचा रंग द्यावा. पत्र्याखाली एक-दीड फूट जागा सोडून जुन्या सुती साड्यांचे किंवा धोतरांचे छत ताणून बांधले, आणि भिंत व पत्रा यांच्यामधली फट बुजवून न टाकता जाळी लावून उघडी ठेवली, तर वरची गरम हवा बाहेर पडते आणि पत्र्याची थेट धग अंगावर येत नाही. थर्मोकोलचे तक्ते लावण्याची पद्धत अलीकडे बरीच दिसते, परंतु वायरिंगमधून एक ठिणगी पडली तरी ते पेटतात आणि त्यांचा धूर विषारी असतो. झोपायच्या खोलीत ते लावू नयेत. पत्र्यावर उसाचे पाचट किंवा कडब्याच्या पेंढ्या टाकल्याने गारवा येतो हे खरे, तथापि शेतातल्या एकट्या गोठ्यासाठी जे चालते ते एकमेकांना खेटून असलेल्या वस्तीत चालत नाही. छत जुन्या सिमेंटच्या पत्र्याचे असेल तर ते खरवडू वा कापू नये, कारण त्यात ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते.

चुन्याच्या जोडीला सावली करता आली तर फरक स्पष्ट जाणवतो. डाळिंब आणि द्राक्षांच्या या जिल्ह्यात शेतीच्या दुकानांत शेडनेट सहज मिळते. ७५ टक्के सावलीचे घ्यावे. ते गच्चीवर पसरून टाकल्यास उपयोग होत नाही, कारण गडद हिरवे कापड स्वतः तापते आणि ती उष्णता खालच्या स्लॅबला देते. चार कोपऱ्यांना बांबू किंवा पाइप उभे करून ते छतापासून निदान दोन-तीन फूट उंच ताणावे, म्हणजे मधून वारा वाहत राहतो. मे महिन्यातला वळीव अचानक येतो आणि सैल बांधलेले नेट, बांबू आणि विटा यांच्यासकट शेजाऱ्याच्या गच्चीवर नेऊन टाकतो. गाठी नायलॉनच्या दोरीच्या असाव्यात आणि आभाळ भरून आले की एक बाजू सोडून नेट गुंडाळून ठेवावे.

पाण्याचा उपाय सगळ्यांना माहीत आहे, पण नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात गच्चीवर पाइप सोडून देणे परवडणारे नाही आणि त्याची गरजही नसते. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. उपयोग उडून जाणाऱ्या पाण्याचा होतो, पन्हळीतून वाहून जाणाऱ्या पाण्याचा होत नाही. म्हणून दहा-बारा लिटर पाणी एकदम ओतण्याऐवजी सूर्य मावळल्यानंतर अर्ध्या-अर्ध्या तासाने तीन-चार वेळा शिंपडावे, आणि बारदान विकणाऱ्याकडून जुनी तागाची पोती आणून ती झोपायच्या खोलीवरच्या भागात अंथरून भिजवावीत, म्हणजे तेच पाणी बराच वेळ टिकते. कपडे खळबळलेले किंवा आरओच्या नळीतून वाया जाणारे पाणी यासाठी चालते. स्लॅब गळका असेल तर आधी गळती बंद करावी. पोती सकाळी उचलून ठेवावीत आणि गच्चीवर डबकी राहू देऊ नयेत, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो.

आता खिडक्या. एप्रिल-मेमध्ये सूर्य माथ्यावर असल्याने दक्षिणेच्या भिंतीवर फारसे ऊन येत नाही. दुपारी तीननंतर सूर्य कलतो आणि पश्चिमेची भिंत व खिडकी सूर्यास्तापर्यंत भाजून निघतात. त्या खिडकीला आतून जाड पडदा लावणे हा अर्धाच उपाय आहे, कारण ऊन काचेतून आत आलेले असते आणि तापलेला पडदा खोलीतच असतो. अडवायचे ते बाहेरून अडवावे. बाहेरच्या बाजूला बांबूचा चिकाचा पडदा, शेडनेटचा तुकडा, किंवा घरात पडून असलेली जुनी सोलापुरी चादर दोरीवर टाकून खिडकीपासून वीतभर अंतरावर लोंबती ठेवावी. खिडकीच्या काचेला चिकटवलेला चांदीसारखा कागद चालतो, मात्र उजेड अगदीच जातो.

सकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम होऊ लागली की, म्हणजे साधारण साडेआठच्या सुमारास, सगळ्या खिडक्या-दारे बंद करून घ्यावीत आणि पडदे ओढून घ्यावेत. कोंदट वाटेल या भीतीने दुपारी खिडकी उघडी ठेवणे म्हणजे झळ घरात बोलावणे आहे. संध्याकाळी बाहेर गारवा सुरू झाला की समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडाव्यात. वारा कुठून येतो हे उदबत्तीच्या धुरावरून चटकन कळते. एकच खिडकी असेल तर टेबल फॅन खिडकीकडे तोंड करून, हवा बाहेर फेकेल असा लावावा आणि दार उघडे ठेवावे. हे दिसायला विचित्र वाटते, परंतु तासाभरात खोलीतली कोंडलेली गरम हवा निघून जाते आणि दुसऱ्या बाजूने बाहेरची थंड हवा आत येते. चोरीच्या भीतीने खिडक्या बंद करून झोपावे लागत असेल तर लोखंडी गज आणि मच्छरजाळी यांवरचा खर्च पंख्याच्या खर्चाआधी करावा.

छताचा पंखा खोली थंड करत नाही, तो फक्त अंगावरचा घाम सुकवतो. त्यामुळे खोलीत कोणी नसताना तो चालू ठेवण्यात अर्थ नाही. पंखा मंद फिरत असेल तर नवा घेण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून त्याचा कपॅसिटर बदलून घ्यावा. हा भाग अगदी स्वस्त असतो आणि पुष्कळदा दोष तिथेच निघतो. जुना पंखा साधारण ७५ वॉट वीज घेतो आणि बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या मोटरचा पंखा ३०-३५ वॉट, तेव्हा नवा घ्यायचाच असेल तर बीएलडीसी पाहावा. हवाच ४० अंशांच्या वर असताना नुसत्या पंख्याखाली कोरड्या अंगाने बसणे मात्र अपायकारक आहे. अशा वेळी आपल्याच शहरात विणलेला टेरी टॉवेल ओला करून, पिळून, मानेवर आणि पायांवर घ्यावा. पंख्यापुढे बर्फाचे भांडे ठेवण्याची युक्ती मोबाइलवर फार फिरते. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो, तेवढेच पाणी वाफ होताना त्याच्या सातपट घेते, आणि तो बर्फ करण्यासाठी फ्रिजने घरातच जास्तीची उष्णता सोडलेली असते. ओला टॉवेल त्यापेक्षा कधीही सरस.

कूलरसाठी सोलापूरची कोरडी हवा फार अनुकूल आहे आणि वळिवाचे दिवस सोडले तर मेअखेरपर्यंत तो उत्तम काम देतो. तो खोलीच्या मध्ये ठेवू नये. खिडकीत किंवा खिडकीबाहेर असा बसवावा की ताजी हवा बाहेरूनच ओढली जाईल, आणि समोरचे दार किंवा दुसरी खिडकी चार बोटे उघडी ठेवावी. बंद खोलीत तो तासाभरात हवा दमट करतो, अंग चिकट होते आणि मग लोक कूलरला दोष देतात. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग असलेच पाहिजे. पाणी भरताना आणि गवत बदलताना नुसते बटण बंद न करता प्लग काढावा; कूलरचा शॉक लागून दरवर्षी जीव जातात. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी. दीडशे-दोनशे वॉटचा कूलर आठ तास चालला तर साधारण १.२ ते १.६ युनिट वीज लागते, आणि घरगुती वीजदराचा टप्पा १०० युनिटांनंतर बदलत असल्याने हे युनिट मोजून वापरलेले बरे.

खोलीत उष्णता निर्माण करणाऱ्या वस्तूंकडेही पाहावे. फ्रिज झोपायच्या खोलीत असेल तर तो बाहेर काढावा. एकाच खोलीत स्वयंपाक आणि झोप असेल तर संध्याकाळची चूल टाळावी. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही यांवर रात्रीचे जेवण करण्याची इथली जुनी रीत उन्हाळ्यात त्यासाठीच उपयोगी पडते. फोमची गादी अंगाची ऊब धरून ठेवते, म्हणून या दोन-तीन महिन्यांत ती उभी करून ठेवावी आणि नवारीच्या खाटेवर किंवा शहाबादी फरशीवर चटई व सुती चादर टाकून झोपावे. फरशी रात्री पुसून घेतल्यास आणखी बरे. छताजवळची हवा आणि जमिनीलगतची हवा यांत बराच फरक असतो.

घरात तान्हे मूल, गरोदर बाई किंवा म्हातारे माणूस असेल तर दुपारी त्यांना सर्वांत खालच्या मजल्यावर किंवा उत्तर-पूर्वेच्या खोलीत हलवावे. कोणी असंबद्ध बोलू लागले, अंग चटके बसावेत इतके तापले किंवा शुद्ध हरपू लागली, तर ती उष्माघाताची लक्षणे समजून अंगावर पाणी घालत, वारा घालत लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये.

पावसाळी हवा सुरू झाली की कूलर निरुपयोगी ठरतो. तेव्हा त्याची टाकी कोरडी करून गवत काढून टाकावे, शेडनेट धुऊन घडी करून ठेवावे आणि गच्चीच्या पन्हळीत अडकलेल्या चुन्याच्या खपल्या व पोत्यांचे धागे पहिल्या मोठ्या पावसाआधी साफ करावेत, नाहीतर पाणी तुंबून त्याच स्लॅबमधून गळू लागेल.