डॅशबोर्ड उघडलाय? मग हीटर कोअरही बघून घ्या
जुन्या गाडीचा डॅशबोर्ड बदलताना हीटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा गाडीची आतली हवा गरम करणारा छोटा रेडिएटर, तसाच ठेवू नका. काचेवर चिकट वाफ, गोडसर वास, पायाखालचा गालिचा ओला, म्हणजे तो गळतोय. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, थंड इंजिनातलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) उतरवा. मग कोअरचे होज (रबरी पाइप) सोडून त्याच्या एका नळीतून हलकी हवा सोडा, म्हणजे उरलेलं कूलंट दुसऱ्या नळीतून निघून जाईल, गाडीत सांडणार नाही. 1965-66 च्या फोर्ड मस्टँगमध्ये कोअर ज्यात बसतो त्या हीटरच्या डब्याचे नट इंजिनाच्या बाजूला, फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवर) असतात. आतून ओढत बसाल तर डबाच तडकेल. प्रत्येक वायरला चिठ्ठी लावा. नवा कोअर बसवण्याआधी पाण्यात बुडवून हलक्या हवेने तपासा, आणि कडेचा फोम नवाच लावा. सांडलेलं कूलंट लगेच पुसा, कुत्र्यामांजरांना ते विषारी असतं.