घरच्या राउटर-फायरवॉलवर ओएसचं (ऑपरेटिंग सिस्टिमचं) कोणतं व्हर्जन टाकायचं?

सिडकोत आमच्याकडे जुन्या ऑफिस पीसीचाच राउटर केलाय, तो बघून ज्याला करावंसं वाटतं तो आधी हेच विचारतो की लेटेस्ट व्हर्जन कोणतं. ते राहू द्या, त्या व्हर्जनला सिक्युरिटी अपडेट कुठवर मिळणार ती तारीख बघा. हे अपडेट, म्हणजे पॅच, बंद झाले तरी राउटर गुपचूप चालत राहतो, नेट येतंय म्हणून आपण बघतही नाही, तिथेच धोका आहे.

आधी मशीन बघा. प्रोसेसर ६४-बिट पाहिजे, ओपीएनसेन्स (राउटर-फायरवॉलसाठीच बनवलेली ओएस) ३२-बिटवर चालत नाही, आणि डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) १३ पासून ३२-बिट पीसीचा इन्स्टॉलरही बंद झालाय. लॅन पोर्ट दोन लागतात, एक बाहेरचा एक घरचा. दुसरं कार्ड एमजी रोडला घेणार असाल तर इंटेलचं मागा, ओपीएनसेन्स फ्रीबीएसडी नावाच्या ओएसवर उभं आहे आणि तिथे रिअलटेक कंपनीचं कार्ड जास्त त्रास देतं.

मग ठरवा की अपडेट कोण करणार न किती वेळा. ब्राउझरमधून क्लिक करून चालवायचं असेल तर ओपीएनसेन्स घ्या, त्याचं मोठं व्हर्जन जानेवारी आणि जुलैत येतं, नंबरातच वर्ष-महिना असतो, २४.७ म्हणजे जुलै २०२४. टर्मिनलची (कमांड टाइप करून काम करायची) सवय असेल तर ओपनबीएसडी ही ओएस मला फार आवडतं, पीएफ नावाची फायरवॉल मुळात तिथलीच, २००१ पासून. पण दर सहा महिन्यांनी नवीन रिलीज येतं आणि पॅच फक्त शेवटच्या दोन रिलीजना, म्हणजे एक व्हर्जन जेमतेम वर्षभर, आणि मधलं व्हर्जन गाळून उडी मारता येत नाही, दोन वर्षं हात लावला नाही तर एकेक पायरी चढत यावं लागतं. एवढा वेळ नसेल तर सरळ डेबियन स्टेबल टाका न एनएफटेबल्स ही लिनक्सची फायरवॉल वापरा, एलटीएस (लांब मुदतीचे अपडेट) धरून पाच वर्षं निघतात, २०२३ चं डेबियन १२ जून २०२८ पर्यंत.

बीटा, टेस्टिंग, स्नॅपशॉट, म्हणजे अजून पक्कं न झालेलं व्हर्जन, यातलं काहीही राउटरवर नको. मी एकदा स्नॅपशॉट टाकलं होतं, अपडेटनंतर रात्री नेट गेलं, आणि दुरुस्ती शोधायला पण नेटच लागतं ना!

आमच्याकडे पावसाळ्यात लाईट जाते, ओपनबीएसडीच्या फाइलसिस्टमला (डिस्कवर फाइली ठेवायच्या पद्धतीला) जर्नल, म्हणजे बदलांची आधी करून ठेवलेली नोंद, नाही, अचानक बंद पडलं की चालू होताना डिस्क तपासत बसतं, कधीकधी अडकतंही. म्हणून ओपीएनसेन्स टाकताना झेडएफएस ही फाइलसिस्टम निवडा, डेबियनला ईएक्सटी४ ही चालते, आणि काहीही टाका, राउटर इन्व्हर्टरवर घ्याच.

ओएसची फाइल उतरवली की चेकसम (फाइल नीट उतरली का ते कळायचा कोड) साइटवरच्याशी जुळवा, मगच पेनड्राइव्ह बनवा. जुना राउटर काढायच्या आधी पीपीपीओईचं (नेट कंपनीच्या लॉगिनचं) युजरनेम-पासवर्ड कागदावर लिहून घ्या, आणि तो राउटर महिनाभर तरी कपाटात ठेवा, विकू नका.