इपॉक्सीला फेविकॉलसारखं आवळू नका

वाकड्या पाठीची खुर्ची, तिरक्या पायांचं टेबल, एकाच दमात आठ-दहा सांधे बसवायचे, असं काम आलं की इपॉक्सीकडे, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवून वापरायच्या गोंदाकडे, वळावंच लागतं. फेविकॉल धरायला लागला की गुण्या लावून कर्ण मोजायलाही उसंत देत नाही. साधा ड्रॉवर असेल तर मात्र फेविकॉलच बरा. सगळीकडे इपॉक्सी वापरणं म्हणजे नुसता खर्च, आणि पुढे दुरुस्तीला असा सांधा उकलताना जीव जातो.

खरी गोम शिकंज्यात, म्हणजे सांधा दाबून धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये आहे. नाशिकच्या सातपूरला ज्या मिस्त्रींच्या हाताखाली मी शिकलो, त्यांचा एकच मंत्र: कडेने माल बाहेर येईपर्यंत आवळ. फेविकॉलला ते लागू आहे, त्याला पातळ थर आणि दाब हवा असतो. इपॉक्सीला स्वतःची थोडी जाडी लागते. जोर लावला की निम्मा माल बाहेर येतो, उरलेला खाचेतले आडवे कापलेले तंतू पिऊन टाकतात. वाईट हे की दुसऱ्या दिवशी खुर्ची भक्कमच वाटते. महिनाभर माणसं बसली की कुरकुर सुरू. असा सांधा उपसून बघा: कुसवावर (खाचेत शिरणाऱ्या लाकडाच्या जिभेवर) मधोमध कोरडं लाकूड, आणि खांद्याजवळ, म्हणजे कुसू जिथून सुरू होतो तिथे, गोठलेल्या मालाची जाड रेघ. माझ्या हातून हे आवळणं सुटायला फार वेळ लागला, म्हणून इतकं लांबण लावतोय.

तर आधी नुसतं पातळ मिश्रण ब्रशने कुसवाला आणि खाचेला, दोन्हीकडे लावा. थोडं थांबा. जिथलं लाकूड पुन्हा निस्तेज दिसेल तिथे आणखी एक हात. मग उरलेल्या मिश्रणात सँडरचा बारीक भुसा घालून श्रीखंडाइतकं दाट करा आणि ते भरा. शिकंजा खांदे टेकेपर्यंतच. कडेला बारीक मणी दिसले की हात काढा. खाच जराशी सैल झाली असली तरी घाबरू नका, दाट माल ती भरून काढतो.

सागवान तेलकट असतं. चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसा, उडून जाऊ द्या, आणि लगेच काम उरका.

मापाच्या बाबतीत शहाणपणा नको. नेहमीच्या स्टँडर्ड अरल्डाइट इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण आकारमानाने 1:1 असतं, पण वजनाने 100:80. काट्यावर समसमान तोललं की चुकलंच. ‘हार्डनर जास्त घाल, लवकर सुकेल’ हा सल्ला गाडीला लांबी (पुट्टी) भरणाऱ्यांचा. इथे सांधा कायमचा मऊ राहतो. आणि व्हिडिओत दाखवतात ती पाच मिनिटांची इपॉक्सी फर्निचरला नकोच. कुसू बसवेपर्यंत ती डब्यातच घट्ट होते.

आपल्या नाशिकची हवाही विचारात घ्या. मे महिन्यात अंबडच्या पत्र्याच्या शेडमध्ये डब्यातलं मिश्रण स्वतःच तापतं, कधी धूरही निघतो. ते लगेच पसरट ट्रेमध्ये ओता आणि थोडं थोडंच कालवा. डिसेंबर-जानेवारीत उलटं. रात्री पारा 10 अंशांखाली गेला की सकाळी माल चिकटच सापडतो. तो वाया गेलेला नसतो. शिकंजे तसेच राहू द्या, खुर्ची उन्हाच्या खोलीत सरकवा, आणि कडेच्या मण्यात नख रुतेनासं झालं की मगच सोडा. हातमोजे मात्र दर वेळी घाला. लागलेला माल थिनरने पुसू नका, साबणाने धुवा. एकदा अंगावर खाज उठायला लागली की पुढे नुसत्या स्पर्शानेही उठते.