उपग्रहाचा डोस काढताना चुंबकीय क्षेत्र कोणतं घ्याल?

शाळेत जाताना अलिबागची चुंबकीय वेधशाळा वाटेत लागायची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, कुलाब्याच्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली हे काम इकडे आणलं, असं आजोबा सांगायचे. आता मी मुलांना ५०० किलोमीटरवरच्या छोट्या उपग्रहाचा डोस, म्हणजे त्याच्या भागांना अवकाशात बसणारा किरणोत्सर्गाचा मारा, काढायला शिकवते, तेव्हा सुरुवात वेधशाळेपासूनच करते.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र केंद्रापासून सुमारे ५०० किलोमीटर एका बाजूला सरकलेलं आहे. अलिबागला ते ४०,००० नॅनोटेस्लाच्या वर, तर दक्षिण अमेरिकेच्या बाजूला सर्वांत कमी जागी २३,००० च्याही खाली. तिथे व्हॅन ॲलन पट्ट्यातले, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने पृथ्वीभोवती अडकवून ठेवलेल्या कणांच्या कड्यातले, प्रोटॉन खालपर्यंत उतरतात. त्या भागाला मी पुढे प्रोटॉनचा पट्टा म्हणते. कोकणावरून जाताना उपग्रहाला ते जवळपास लागतच नाहीत.

आधी कक्षा. दहा-पंधरा दिवसांची घ्या, म्हणजे वाटा सगळीकडून जातील. दोन बिंदूंमध्ये दहा-वीस सेकंदच ठेवा. एका मिनिटात उपग्रह अलिबाग ते कारवार एवढं अंतर कापतो. एवढ्या ढांगा टाकल्या तर प्रोटॉनच्या पट्ट्याचा काठ हातातून निसटतो.

मग प्रत्येक बिंदूवर क्षेत्राची तीव्रता आणि एल-मूल्य (तिथली चुंबकीय रेषा चुंबकीय विषुववृत्तावर पृथ्वीच्या केंद्रापासून किती पृथ्वी-त्रिज्या दूर जाते ते) काढून, कणांची संख्या देणाऱ्या नासाच्या जुन्या प्रतिमानांपैकी एपी-८ मधून प्रोटॉन, एई-८ मधून इलेक्ट्रॉन वाचायचे. इथे मी स्वतः आठवडा घालवला आहे. नवं ते अचूक, असं समजून मी आजचं क्षेत्र वापरलं आणि डोस भलताच फुगला. एपी-८ ची किमान-सौर, म्हणजे सूर्य शांत असतानाची, आवृत्ती १९६० च्या जेन्सन-केन या क्षेत्राच्या प्रतिमानावर बेतलेली आहे, तिला तेच द्यायचं. एपी-८ च्या कमाल-सौर, म्हणजे सूर्य सक्रिय असतानाच्या, आवृत्तीला १९७० सालासाठीचं जीएसएफसी १२/६६ हे क्षेत्राचं प्रतिमान. कळकळीने सांगते, ही जोडी मोडू नका. मात्र जुन्या क्षेत्रामुळे प्रोटॉनचा पट्टा जुन्याच जागी दिसतो. खरा पट्टा दर वर्षी सुमारे ०.३ अंश पश्चिमेला सरकतो आहे. एकूण डोसला त्याने फारसा फरक पडत नाही. पण उपकरण कधी बंद ठेवायचं हे ठरवायचं असेल तर नकाशा तेवढा सरकवा.

प्रोटॉनसाठी किमान-सौर आवृत्तीच घ्या. सूर्य शांत असताना वरचं वातावरण आक्रसतं, त्यामुळे प्रोटॉन जास्त टिकतात. इलेक्ट्रॉनचं उलट, तिथे कमाल-सौर.

शेवटी शिल्डोज-२ या संगणक-प्रोग्रॅममधून ॲल्युमिनियमच्या जाडीनुसार सिलिकॉनमधला डोस काढा. पहिल्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये इलेक्ट्रॉन झपाट्याने कमी होतात, पुढे उरतात ते प्रोटॉन. म्हणून जाडी आणखी वाढवण्यापेक्षा नाजूक चिप बॅटरीच्या आड बसवणं मला पटतं. उत्तर दुपटीने चुकू शकतं असं धरूनच भाग निवडा.

आकड्यावर भरवसा ठेवण्याआधी प्रोटॉनचे बिंदू नकाशावर काढून बघा. ते ब्राझीलऐवजी मादागास्करच्या बाजूला पडले, तर रेखांशाचं चिन्ह उलटं झालंय.