प्रो-रेसलिंगचं पात्र आणि पोशाख : या चुका टाळा

प्रो-रेसलिंग म्हणजे पात्र घेऊन, ठरलेल्या कथेनुसार खेळली जाणारी कुस्ती. तिच्या रिंगसाठी माझ्याकडे पोशाख शिवून घ्यायला नवीन मुलं-मुली येतात तेव्हा मोबाईलमध्ये फोटोंचा ढीग असतो. कवटी कुठे हवी, ज्वाळा कुठे, बुटांचा रंग कोणता, सगळं पाठ. मी एकच विचारतो : "तुझं पात्र हरायला लागलं की काय करतं?" त्यावर शांतता.

आधी पोशाख आणि मग पात्र, ही चूक मी सगळ्यात जास्त पाहतो. ग्लेन जेकब्जला 1995 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने (आजची डब्ल्यूडब्ल्यूई, अमेरिकेतली कुस्ती कंपनी) दंतवैद्य बनवून रिंगमध्ये उतरवलं. पात्र चाललं नाही. तोच धिप्पाड माणूस 1997 मध्ये लाल-काळ्या पोशाखात, मुखवटा घालून 'केन' म्हणून आला आणि पुढे वर्षानुवर्षं टिकला. ही सगळी मुखवट्याची करामत, असं नवख्यांना वाटतं. पण कथेत केनला अंडरटेकर नावाच्या दुसऱ्या मल्लाचा भाऊ दाखवलं होतं, त्याच्याशी जुनं वैर होतं, रिंगमध्ये येण्याला कारण होतं. दंतवैद्याकडे नुसता व्यवसाय होता. स्टीव्ह ऑस्टिनचंही तसंच. 1996 च्या सुरुवातीला तो 'रिंगमास्टर' होता. 'स्टोन कोल्ड' झाल्यावर अंगावर काय, तर साधी काळी ट्रंक (आखूड चड्डी) आणि काळे बूट. बाकी सगळं त्याच्या चालण्यात, नजरेत आणि जिभेत होतं.

म्हणून कापडाला कात्री लावण्याआधी मी त्यांना सरावाच्या साध्या कपड्यांत ते पात्र खेळायला लावतो. मार बसल्यावर तो कुठे बघतो? पंचांशी कसा बोलतो? दोर धरून उभा राहतो तेव्हा खांदे ताठ असतात की पडलेले? हे ठरलं की निम्मा पोशाख आपोआप ठरतो. एवढा धीर नसेल तर मी काम घेत नाही.

दुसरी चूक म्हणजे फक्त आरशासमोर उभं राहून पोशाख पसंत करणं. यातून माणसं जखमी होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एक चपळ, मेहनती मुलगा होता. पात्र शिकारी पक्ष्याचं. थांबायला तयार नव्हता, म्हणून दुसरीकडून झटपट शिवून घेतलं. फोटो देखणे आले. पहिल्याच लढतीत वरच्या दोरावर चढताना पँटचं आसन उसवलं. एक हात शिवण धरायला गेला, तेवढ्यात मुखवटा सरकून एका डोळ्यावर आला. खाली पडलेला प्रतिस्पर्धी नेमका कुठे आहे ते त्याला दिसेना, तरी त्याने उडी मारली. गुडघा थेट समोरच्याच्या बरगडीवर बसला. तो बिचारा कित्येक आठवडे रिंगबाहेर होता. या खेळात समोरचा आपलं शरीर तुमच्या भरवशावर सोडतो. तुमची शिवण कच्ची असली की त्याची किंमत तो मोजतो.

नंतर ती पँट मी हातात घेऊन पाहिली. लायक्रा (ताणणारं कापड) उत्तम होतं, पण सगळी शिवण साध्या सरळ टाक्याची. कापड ताणलं जातं, सरळ टाक्यातला दोरा तेवढा ताणला जात नाही आणि तटकन तुटतो. ताणणाऱ्या कापडाला झिगझॅग किंवा ओव्हरलॉकच हवं. कापड उभं-आडवं दोन्हीकडे ताणणारं घ्या, आसनात चौकोनी जोड द्या. आत दुसरी घट्ट चड्डी हवीच, त्यात चर्चा नाही. पांढऱ्या कापडाला अस्तर लावा, घामाने भिजलं की ते आरपार दिसतं. मुखवट्याची भोकं टेबलावर मापून कापू नका, डोक्यावर चढवून खुणा करा. मागून बंद आवळा, आणि मान न वळवता दोन्ही बाजूंना धरलेले हात दिसतात का ते तपासा.

मग पूर्ण पोशाखात सराव. आपटी खा, दोरांवर धावा, कोलांट्या मारा, घाम येऊ द्या. 1993 मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू या दुसऱ्या कुस्ती कंपनीच्या थेट प्रक्षेपणात फ्रेड ऑटमन 'शॉकमास्टर' म्हणून भिंत फोडून येणार होता. डोक्यावर चमकी लावलेलं शिरस्त्राण. भिंत फुटली, तो अडखळून पालथा पडला आणि शिरस्त्राण गडगडत निघालं. अनुभवी मल्ल, पण ते पात्र लोकांनी पुन्हा कधी गंभीरपणे घेतलं नाही. डोक्यावर जे चढवाल ते पडलात तरी जागेवर राहील, असं बांधा.

टिकल्या, धातूचे खिळे, बकलं समोरच्याची कातडी सोलतात. पोट, छाती, मांड्यांवर नकोतच.

लांब कोट आणि केप घंटेआधी उतरवा. अंडरटेकर टोपी आणि कोट इतक्या सावकाश उतरवायचा की तोच त्याच्या प्रवेशाचा भाग झाला.

चेहरा रंगवत असाल तर पापण्यांच्या कडा मोकळ्या सोडा. घामाबरोबर रंग डोळ्यांत उतरतो.

नवे बूट लढतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

नाव असं हवं की गर्दीला एका दमात ओरडता येईल.

आणि लोकांना पात्र रुचत नसेल तर हट्ट सोडा. 1996 मध्ये ड्वेन जॉन्सन हसतमुख 'रॉकी माविया' म्हणून आला, काही महिन्यांत प्रेक्षक त्याच्याविरुद्ध घोषणा द्यायला लागले. 1997 मध्ये खलनायकांच्या टोळीत जाऊन त्याने तोच राग वापरला आणि त्यातून 'द रॉक' उभा राहिला. पहिलं पात्र बहुतेकांचं बदलतंच. म्हणून पहिला पोशाख एकाच गडद रंगाचा, नक्षीशिवाय शिवा. चिन्ह वेगळ्या ताणणाऱ्या कापडावर करून वरून झिगझॅगने बसवा, म्हणजे पात्र बदललं की तेवढंच उसवून दुसरं लावता येतं.