बाविशी-पंचविशीत सवय लावताना आणि नोकरी निवडताना

नागपुरात थंडीत सुरू केलेलं सकाळचं फिरणं बहुधा एप्रिलमध्ये बंद पडतं. जानेवारीत सात वाजता फुटाळा तलावावर चालायला मजा येते. मे महिन्यात त्याच सात वाजता ऊन चटके देतं आणि दुपारी पारा काही दिवस ४५ अंशांपलीकडेही जातो. त्यामुळे सवय ठरवताना वर्षातला सगळ्यात कठीण महिना धरा. मेमध्ये सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो. सव्वापाचला बाहेर पडून साडेसहाला घरी, हे जमणार असेल तरच फिरण्याचं ठरवा. नाहीतर घरातल्या घरात करता येईल असा व्यायाम निवडा.

नवी सवय एखाद्या रोजच्या कामाला जोडली की लवकर लागते. मात्र ते काम बाराही महिन्यांचं हवं. ‘कूलरमध्ये पाणी भरलं की अभ्यासाला बसायचं’ हे उन्हाळाभर छान चालतं. पावसाळ्यात कूलर माळ्यावर गेला की अभ्यासही जातो. सकाळचा चहा, डबा भरणं, रात्री गेट लावणं ही कामं कायमची. वाक्य नेमकं लिहा: ‘चहाचा कप धुऊन ठेवला की टेबलावरचं पुस्तक उघडून दोन पानं वाचीन.’ ‘रोज वाचीन’ एवढ्यावर काही होत नाही, कारण त्यात कधी आणि कुठे हेच नसतं. पुस्तक आदल्या रात्री टेबलावर उघडं ठेवा आणि फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा.

पहिले दोन आठवडे दोनच पानं. उत्साहात वीस वाचाल, पण तिसऱ्या दिवशी वीस पानांचं ओझं वाटून पुस्तकच उघडणार नाही. एकवीस दिवसांत सवय लागते, ही समजूतही सोडा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात सवय लागायच्या काळाचा मध्यक, म्हणजे मधोमधचा आकडा, ६६ दिवसांचा आला आणि माणसागणिक हा काळ १८ ते २५४ दिवसांचा निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच आढळलं. लग्नसराईत खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नका. नेहमीची दोन पानं वाचा.

बचतीला तर मनावर सोडूच नका. पगार १ तारखेला होत असेल तर बँकेत आवर्ती ठेवीच्या (आरडीच्या) हप्त्याची तारीख ५ ठेवा. १ ठेवली आणि सुटीमुळे पगार लांबला, तर खात्यात पैसे नसल्याने हप्ता चुकतो आणि दंड बसू शकतो.

आता मोठा निर्णय, बहुतेकांच्या वाट्याला येणारा: इथंच राहायचं की पुण्याला जायचं? समजा नागपुरात हातात २८,००० येतात आणि पुण्याहून ४०,००० ची ऑफर आली. बारा हजारांचा फरक बघून हुरळू नका, कागद घ्या. पुण्यात खोलीचा वाटा ९,०००, मेस ४,५००, प्रवास २,५००, धुणं-इंटरनेट २,०००, नागपूरला येण्या-जाण्यासाठी महिन्याकाठी २,००० बाजूला. उरले २०,०००. नागपुरात पेट्रोल ३,०००, घरी द्यायचे ५,०००. उरले तेवढेच २०,०००. खोलीचं डिपॉझिट तर अजून धरलेलंच नाही. आकडे तुमचे घाला, पण घाला. शिल्लक सारखी निघाली तर पगाराचा मुद्दा संपला. मग दोन वर्षांत कुठे जास्त शिकायला मिळेल, एवढंच बघायचं.

ते मामा-काकांना विचारून कळणार नाही. त्यांची काळजी खरी असते, पण त्या कामाची माहिती त्यांना असेलच असं नाही. ते काम सध्या करणाऱ्या एकाला आणि सोडलेल्या एकाला विचारा. दोघांना प्रश्न एकच: मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमकं काय करावं लागतं?

मग परतीची वाट तपासा. नोटीस किती दिवसांची, बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आहे का, मधेच सोडल्यास किती भरावे लागतील? ही उत्तरं फोनवर घेऊ नका, ईमेलवर मागा. मूळ गुणपत्रिका जमा करायला सांगितल्या तर देऊ नका. पडताळणीला दाखवून लगेच परत घ्या. सहज परतता येत असेल तर आठवड्यात ठरवून टाका. बाँड दोन वर्षांचा असेल तर सही करण्याआधी तो ओळ न् ओळ घरी बसून वाचा, आणि ‘आजच सही करा’ म्हणणाऱ्याकडे निदान दोन दिवस मागून घ्या.